टॅक्टिकल घडीचा चाकू विकत घेण्यापूर्वी त्याची रचना कशी पारखावी

माझा पहिला ‘टॅक्टिकल’ चाकू मी निव्वळ रूपावर भाळून घेतला होता. काळे जाड पाते, टोकाशी तिरपा छेद, मुठीवर खोल खाचा आणि हातात घेतल्यावर जाणवणारे भरपूर वजन, एवढ्यावर माझे समाधान झाले होते. पहिल्याच पावसाळी ट्रेकमध्ये ओली नायलॉनची दोरी कापताना पाते दोरीत रुतले, ते सोडवण्यासाठी मी ते मागेपुढे हलवले, आणि त्याच क्षणी उघडे पाते अडवून धरणारा लॉक सुटून पाते माझ्या तर्जनीवर मिटले. बोटाला चार टाके पडले. घरी येऊन तो चाकू उघडून पाहिला तेव्हा लक्षात आले, की दोष माझ्या हाताइतकाच त्या लॉकच्या घडणीत होता आणि तो विकत घेताना मला दिसायला हवा होता.

त्यानंतरच्या काही वर्षांत बरेच चाकू हाताळले, काही विकत घेतले आणि बहुतेक पुढे देऊन टाकले. त्यातून तुलनेचा जो क्रम हाती लागला, तो येथे मांडत आहे. हा लेख चाकूकडे अवजार म्हणून पाहणाऱ्यांसाठी आहे. दोरी, पुठ्ठा, पट्टे, फळे, प्रथमोपचाराची पट्टी, तंबूचा ताण अशी ती कामे आहेत. चाकूने स्वसंरक्षण करण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांना माझा सल्ला एवढाच आहे की तो विचार सोडून द्यावा. त्यात इजा स्वतःला होण्याची शक्यता मोठी असते आणि कायद्याची बाजूही लंगडी पडते.

तुलनेसाठी लागणारी साधने आणि कागद

एक व्हर्निअर कॅलिपर (प्लॅस्टिकचा साधाही चालतो), स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, वहीचा कोरा कागद, जाड पुठ्ठ्याचा तुकडा, एक काकडी, छोटी विजेरी आणि शक्य असल्यास भिंग. चाकू विकत घेतल्यावर लागतील असे टी-6, टी-8 आणि टी-10 मापांचे टॉर्क्स पेचकस. कागदांपैकी दुकानाचे बिल आणि उत्पादकाने प्रसिद्ध केलेले मापांचे पत्रक. बिल जपून ठेवावे, कारण हमीसाठी ते लागतेच, शिवाय प्रवासात कोणी चौकशी केली तर वस्तू कोठून आणि काय म्हणून घेतली, हे सांगायला तेच उपयोगी पडते.

1. आधी कामांची यादी करा, मग चाकू पाहा

गेल्या दोन महिन्यांत आपल्याला चाकूची गरज नेमकी कोठे पडली, ते कागदावर लिहा. माझ्या यादीत पार्सलचे पुठ्ठे, दोरी, काकडी आणि कैरी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि एकदा बुटाच्या तळव्याचे सुटलेले रबर एवढेच निघाले. या यादीतील एकाही कामाला साडेआठ सेंटीमीटरपेक्षा लांब पाते लागत नव्हते. तुमच्या यादीत लाकूड फोडणे, नारळ सोलणे किंवा डबा उचकटणे असेल तर येथेच थांबा, कारण ती कामे घडीच्या चाकूची नाहीत. त्यांच्यासाठी कोयता किंवा एकसंध पात्याचा चाकू घ्यावा. घडीच्या चाकूला मधोमध बिजागरी असते आणि उचकटण्याचा सगळा ताण त्या एका खिळीवर येतो.

‘टॅक्टिकल’ हा शब्द कोणत्याही मानकाने ठरवलेला नाही, हेही येथेच सांगितलेले बरे. 1981 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन येथील स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ नावाचा चाकू आणला. पात्यात गोल भोक, खिशाला अडकवण्याची क्लिप आणि दातेरी धार ही त्याची वैशिष्ट्ये होती. भोकामुळे तो एका हाताने उघडता येई आणि क्लिपमुळे तो खिशाच्या तळाशी न पडता काठाशी राही. पुढे अर्नेस्ट इमर्सन यांच्यासारख्या कारागिरांनी लष्करी ग्राहकांसाठी चाकू घडवले आणि 1990 च्या दशकात हा शब्द बाजारात रुळला. म्हणजे एका हाताने उघडणे, उघडल्यावर लॉक होणे आणि क्लिपने अडकणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, की त्याला टॅक्टिकल म्हणण्याची प्रथा पडली. काळा रंग नंतर चिकटला आणि त्याचा कामाशी काही संबंध नाही.

2. कायद्याची चाळणी पहिली लावा

पुष्कळ लोक ही पायरी शेवटी ठेवतात आणि पैसे वाया घालवतात. काही रचना तुमच्या गावात बाळगणेच अडचणीचे असेल, तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

भारतात शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 लागू आहेत. नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांमध्ये समावेश आहे आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. बाजारातले बहुतेक घडीचे चाकू या मापांच्या बरेच आत असतात, परंतु ‘माप आत आहे म्हणजे कोठेही चालेल’ असा निष्कर्ष काढणे हा पहिला सापळा आहे. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेनुसार स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी खटक्याचे) आणि बटणाचे चाकू 7.62 सेंटीमीटर किंवा अधिक लांब आणि 1.72 सेंटीमीटर किंवा अधिक रुंद पात्याचे असतील तर वेगळा विचार होतो. हिंदी चित्रपटांनी घरोघरी पोचवलेला रामपुरी याच जातीचा. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सुऱ्या, काठ्या यांसारख्या वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी असते. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश नेहमीचेच आहेत. यातून माझ्यासाठी दोन नियम निघाले आहेत. खटक्याने किंवा स्प्रिंगने आपोआप उघडणारा चाकू घ्यायचा नाही, आणि चाकू शहरात खिशाला लावून हिंडायचे नाही. तो ट्रेकच्या पिशवीत, इतर सामानासोबत, मिटलेला राहतो.

परदेशी राहणाऱ्यांनी तेथील नियम स्वतंत्रपणे वाचावेत, कारण ते थेट रचनेवर बोट ठेवतात. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येणारा चाकू 3 इंचांपर्यंतच्या धारेचा आणि लॉक न होणारा असावा लागतो. म्हणजे या लेखातील जवळजवळ प्रत्येक चाकू तेथे कारणाशिवाय बाळगता येणार नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू रास्त कारणाशिवाय जवळ बाळगण्यावर निर्बंध आहेत. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक पडतो. विमानाच्या केबिनमध्ये मात्र असा चाकू नेता येत नाही, म्हणून तो चेक-इन सामानात टाकावा. हा नियम मला पाठ होता, तरीही पाठपिशवीच्या छोट्या कप्प्यात विसरलेला एक चाकू मी विमानतळावर कायमचा गमावला आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री सगळे कप्पे उलटे करून झटकावेत.

3. लॉक समजून घ्या. सर्वांत जास्त वेळ येथे द्या

पोलाद, रंग, मुठीवरची नक्षी यांवर लोक तासन्‌तास बोलतात, पण बोटे शाबूत राहतात ती लॉकमुळे. म्हणून कोणत्याही दोन चाकूंची तुलना मी येथून सुरू करतो. पाते उघडल्यावर त्याच्या बुडाला, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, कशाचा आधार मिळतो, तो आधार कोणत्या दिशेने सरकला तर सुटतो, आणि लॉक सोडताना माझी बोटे पात्याच्या वाटेत येतात का, हे तीन प्रश्न प्रत्येक लॉकला विचारावेत.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडामागे जाऊन बसते. 1980 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी आजच्या स्वरूपात आणलेली ही रचना स्वस्तात बनवता येते, म्हणून ती सर्वत्र दिसते. चांगली बनवली तर ती पुरेशी मजबूत असते. पण पट्टी आणि पात्याचे बूड यांच्यातील कोन अचूक नसेल तर धक्क्याने किंवा पिळण्याने पट्टी मागे सरकते. माझ्या त्या पहिल्या चाकूत पट्टी बुडाच्या जेमतेम कडेवर टेकत होती. दुकानात विजेरी लावून पाहिले असते तर ते दहा सेकंदांत कळले असते. या लॉकचा आणखी एक दोष म्हणजे मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, म्हणून अंगठा काढून मगच पाते पूर्ण मिटवण्याची सवय लावावी लागते. डावखुऱ्यांना तो गैरसोयीचा पडतो, कारण पट्टी उजव्या अंगठ्यासाठी बसवलेली असते.

फ्रेम लॉक हा त्याचाच थोरला भाऊ आहे. येथे वेगळी पट्टी नसून मुठीची एक बाजूच, बहुधा टायटॅनियमची, कापून पट्टी केलेली असते. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी ही रचना रूढ केली आणि त्यांचा ‘सेबेंझा’ आजही तिचा मापदंड मानला जातो. या झुलू शब्दाचा अर्थ ‘काम’ असा आहे. मुठीवर पकड घट्ट केली की लॉकही घट्ट दाबला जातो, हा त्याचा मोठा फायदा. पण टायटॅनियम पोलादावर घासून चिकटते, म्हणून चांगले उत्पादक टोकाशी पोलादाचा बदलता येणारा तुकडा बसवतात. तो आहे की नाही, ते पाहावे.

बॅक लॉक आपल्याकडच्या लोकांना सर्वांत ओळखीचा वाटेल. मुठीच्या पाठीवर मध्ये किंवा शेवटाशी दाबायची जागा असते. 1964 मध्ये आलेल्या बक कंपनीच्या 110 या चाकूने तो जगभर नेला. तो दोन्ही हातांना सारखाच चालतो आणि लॉक दाबताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत, मात्र एका हाताने मिटवायला सराव लागतो. त्याच्या खाचेत माती अडकली तर लॉक पूर्ण बसत नाही, म्हणून चिखलातून आल्यावर ती खाच काडीने साफ करावी. याच कुळातला ट्राय-ॲड लॉक अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टील कंपनीसाठी रचला. त्यात पाते आणि लॉकची दांडी यांच्यामध्ये एक स्टॉप पिन, म्हणजे पात्याला अडवणारी पक्की खीळ, बसवल्याने धक्का दांडीवर न येता त्या पिनवर येतो. माझ्या पाहण्यातल्या घडीच्या चाकूंमध्ये यापेक्षा दणकट लॉक नाही. पण तो इतका कडक असतो की सुरुवातीच्या आठवड्यांत अंगठ्याचे पेर दुखते.

बेंचमेड कंपनीचा ॲक्सिस लॉक 1998 मध्ये बाजारात आला. मुठीच्या आरपार जाणारी एक आडवी दांडी दोन बारीक स्प्रिंगांच्या ताणाने पात्याच्या बुडावर येऊन बसते. दोन्ही बाजूंनी बोटांच्या टोकांनी ती मागे ओढली की पाते मिटते आणि बोटे कोठेही मध्ये येत नाहीत. डावखुऱ्यांना मी हाच सुचवतो. त्याचे मर्म त्या स्प्रिंगांत आहे, कारण त्या कालांतराने तुटू शकतात. दोन असल्याने एक तुटली तरी काम चालते, पण तुटलेली लगेच बदलून घ्यावी. स्पायडर्कोच्या कॉम्प्रेशन लॉकमध्ये लायनरसारखीच पट्टी मुठीच्या पाठीकडे बसवलेली असते आणि ती पात्याचे बूड व स्टॉप पिन यांच्यात पाचरीसारखी शिरते. पट्टीला मागे सरकायला वावच उरत नाही आणि मिटवताना बोटे धारेपासून दूर राहतात. लायनर लॉकने चावा घेतल्यानंतर मी याच लॉककडे वळलो, हे येथे प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे माझा कल वाचकाने हिशेबात धरावा.

सर्वांत साधी रचना फ्रान्समधील ओपिनेलची आहे. पात्याच्या बुडाशी एक धातूचे कडे असते, ते फिरवले की पाते अडते. हे कडे 1955 मध्ये आले. ते हाताने आठवणीने फिरवावे लागते आणि हाच त्याचा दोष आहे. पण फिरवल्यावर ते सहसा दगा देत नाही.

इंटरनेटवर चाकूची पाठ टेबलावर जोरात आपटून लॉक तपासणारे पुष्कळ दिसतील. तसे करू नये, कारण चांगला लॉकही त्याने खराब होतो आणि बोटांना धोका असतो. त्याऐवजी जाड चामडी हातमोजा घालून, बोटे पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवावी आणि हळूहळू दाब वाढवावा. लॉक किंचितही सरकत असेल तर तो चाकू परत करावा.

4. उघडण्याची रीत आणि क्लिप

पात्यातले भोक, अंगठ्यासाठीचा खुंट आणि पाठीकडून बाहेर आलेले पंखासारखे टोक, ज्याला फ्लिपर म्हणतात, या तीन रीती प्रमुख आहेत. हातमोजे घालून किंवा थंडीने बोटे बधिर झाली असताना भोक सर्वांत विश्वासाचे ठरते. फ्लिपर जलद आणि गमतीचा असतो, पण तो मिटलेल्या मुठीबाहेर डोकावत राहतो. इमर्सन यांनी पात्याच्या पाठीवर एक आकडा ठेवला होता, जो खिशाच्या काठाला अडकून चाकू बाहेर काढतानाच उघडतो. ट्रेकच्या कामाला त्याचा उपयोग नाही, आणि शिवलेल्या खिशाचे काय होते ते माझ्या जुन्या पँटवर पाहता येईल.

क्लिप पाहताना मिटलेले टोक वर राहते की खाली, आणि क्लिप डाव्या बाजूला हलवता येते का, एवढे तपासावे. टोक वर असेल तर पाते खिशात अर्धवट उघडणार नाही याची खात्री करावी. मिटलेल्या स्थितीत पात्याला धरून ठेवणारा ताण पुरेसा असायला हवा, म्हणून चाकू धार खाली करून हलका झटकून पाहावा.

5. मूठ हातात किमान पाच मिनिटे धरा

जी-10 म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी दाबून केलेला पत्रा. तो ओला झाला तरी निसटत नाही, पण फार खरखरीत असेल तर खिशाची कड झिजवतो. काचतंतू मिसळलेले नायलॉन हलके आणि स्वस्त असते. हातात ‘प्लॅस्टिक’ वाटते म्हणून लोक त्याला नाके मुरडतात, परंतु पावसात ते इतर साहित्याच्या बरोबरीने टिकते. मायकार्टा म्हणजे कापड आणि राळ यांचा थर. तो घामाने ओला झाल्यावर उलट जास्त चांगला धरला जातो, म्हणून कोकणातल्या दमट हवेसाठी मला तो सर्वांत आवडतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम गुळगुळीत असतील तर पावसात हातातून सुटतात.

मुठीची लांबी चारही बोटांना पुरते का, तर्जनीसमोर धारेकडे न घसरण्यासाठी उंचवटा आहे का, आणि क्लिप तळहाताला टोचते का, हे केवळ हातात धरूनच कळते. येथे एक जुना सापळा आहे. बोटांसाठी खोल खाचा असलेली मूठ पहिल्या क्षणी छान बसते, पण त्या खाचा कोणा दुसऱ्याच्या बोटांच्या मापाच्या असतात आणि दहा मिनिटे पुठ्ठा कापल्यावर ते कळते.

6. पात्याचा आकार आणि जाडी

टोकाकडे पाठ हलकेच उतरत जाणारे ड्रॉप पॉइंट पाते नवख्यासाठी सर्वांत उपयोगी, कारण त्याचे टोक मजबूत असते आणि धारेचा वाक फळे चिरायलाही चालतो. क्लिप पॉइंटचे टोक बारीक असते, ते नाजूक कामाला चांगले पण लवकर मोडते. वॉर्नक्लिफ आणि शीपफूट यांची धार सरळ असते, पुठ्ठा आणि पट्टे कापण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. तिरप्या छेदाचा अमेरिकन तांतो टोकाशी भक्कम असतो, पण त्याची धार दोन तुकड्यांत असल्याने फळ चिरताना मधला कोपरा अडतो आणि धार लावायला नवखा हमखास चुकतो. तो विकत घ्यायचाच असेल तर आवडीखातर घ्यावा, कामाच्या नावावर घेऊ नये.

जाडीचा मुद्दा मात्र आकारापेक्षा महत्त्वाचा आहे. कॅलिपरने पाठीची जाडी मोजा आणि मग धारेच्या लगतची जाडी मोजा. पाठ 4 मिलिमीटर असेल आणि पाते तेवढीच जाडी अर्ध्यापर्यंत घेऊन खाली उतरत असेल, तर ते पाते काकडी चिरत नाही, फोडते. दुकानात काकडी नेणे विचित्र वाटेल, पण मी नेली आहे. दुकानदार हसला आणि मग त्यानेही दोन चाकूंनी ती चिरून पाहिली. पाठीपासून धारेपर्यंत सलग उतरणारा सपाट उतार रोजच्या कामाला उत्तम असतो. आतून पोकळ घासलेला उतार अतिशय तीक्ष्ण असतो, पण जाड पुठ्ठ्यात अडकतो.

दातेरी धार दोरीवर उत्तम चालते, मात्र घरी तिला धार लावणे कठीण असते. अर्धी साधी आणि अर्धी दातेरी अशी तडजोड मला दोन्ही बाजूंनी अपुरी वाटते. हे माझे मत आहे, अनेक अनुभवी लोक ते मानत नाहीत.

7. पोलाद: थोडक्यात, कारण येथे गोंधळ फार

कमी किमतीत 8सीआर13एमओव्ही आणि एयूएस-8 ही पोलादे भेटतात. ती लवकर बोथट होतात पण तितक्याच लवकर धार घेतात, म्हणून नवख्याला शिकायला चांगली. डी2 धार जास्त टिकवते, परंतु त्यात साधारण 12 टक्के क्रोमियम असूनही ते पूर्ण स्टेनलेस मानले जात नाही आणि आपल्या पावसाळ्यात त्याला तपकिरी ठिपके येतात. जपानचे व्हीजी-10 आणि स्वीडनचे 14सी28एन हे रोजच्या वापरासाठी संतुलित आहेत. सीपीएम एस30व्ही 2001 च्या सुमारास क्रुसिबल कंपनीने ख्रिस रीव्ह यांच्याशी विचारविनिमय करून आणले. त्यात सुमारे 4 टक्के व्हॅनेडियम असल्याने त्याची धार टिकते, पण साध्या दगडावर ते लवकर धार घेत नाही, हिऱ्याची पट्टी लागते. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी एच1 किंवा एलसी200एन ही नायट्रोजनयुक्त पोलादे शोधावीत, कारण खाऱ्या पाण्याचाही त्यांच्यावर सहसा परिणाम होत नाही.

नावापेक्षा उष्णता-प्रक्रिया मोठी. बकचे 420एचसी हे साधे पोलाद आहे, पण उष्णता-प्रक्रियेतले जाणकार पॉल बॉस यांनी बसवून दिलेल्या प्रक्रियेमुळे ते आपल्या दर्जापेक्षा चांगले काम देते. पात्यावर केवळ ‘सर्जिकल स्टेनलेस’ किंवा पुढे ए, बी, सी यांपैकी अक्षर न देता नुसते ‘440’ लिहिले असेल, तर उत्पादकाला काहीतरी सांगायचे नाही असे समजावे.

8. एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा

रकाने करा: पात्याची लांबी, जाडी, वजन, लॉक, मूठ, पोलाद आणि शेवटी ‘माझ्या यादीतील किती कामे करतो’. नमुन्यासाठी मी माझ्या वहीतले पाच चाकू देतो.

बक 110: पाते साधारण 9.5 सेंटीमीटर, वजन 200 ग्रॅमच्या वर, पितळ आणि लाकूड, बॅक लॉक. पाते उत्तम कापते, पण नखाच्या खाचेने दोन्ही हातांनी उघडावे लागते आणि खिशात पँट खाली ओढते.

स्पायडर्को डेलिका 4: पाते सुमारे 7.3 सेंटीमीटर, वजन 71 ग्रॅम, जपानमधील सेकी शहरात बनलेला, व्हीजी-10 आणि बॅक लॉक. नवख्याने एकच घ्यायचा असेल तर माझी शिफारस या चाकूची.

बेंचमेड बगआउट: पाते 8.2 सेंटीमीटर, जाडी अवघी 2.3 मिलिमीटर, वजन 52 ग्रॅम, ॲक्सिस लॉक. काकडीच्या परीक्षेत पहिला. मुठीला दाबले तर ती थोडी लवते, याची काहींना खंत वाटते.

स्पायडर्को पॅरा मिलिटरी 2: पाते सुमारे 8.7 सेंटीमीटर, जाडी 3.7 मिलिमीटर, वजन 106 ग्रॅम, जी-10 आणि कॉम्प्रेशन लॉक. जाड असूनही सलग उतारामुळे चांगले कापतो.

कोल्ड स्टील रिकॉन 1: पाते 10 सेंटीमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, ट्राय-ॲड लॉक. दणकट आहे, पण माझ्या यादीतील कामांना त्या दणकटपणाची गरज कधी पडली नाही.

शेवटचा रकाना भरताना प्रामाणिक राहा. तो भरून झाल्यावर माझ्या कागदावर सर्वांत ‘टॅक्टिकल’ दिसणारा चाकू शेवटच्या क्रमांकावर गेला आणि 71 ग्रॅमचा नायलॉनच्या मुठीचा चाकू वर आला.

9. हातात आल्यावरची तपासणी आणि नकली मालाचा सापळा

नामांकित चाकूंच्या नकला आपल्याकडे सर्रास विकल्या जातात. उत्पादकाच्या किमतीच्या चौथ्या हिश्शात तोच चाकू मिळत असेल तर तो तोच चाकू नसतो. वजन ग्रॅममध्ये करून उत्पादकाच्या पत्रकाशी ताडून पाहा, दहा-पंधरा ग्रॅमचा फरक पडला तर संशय घ्या. मग पाते मिटवून ते मुठीच्या मध्यावर बसते का पाहा, उघडून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडची किंचित हालचाल खिळीचा स्क्रू अष्टमांश फेरा आवळून जाते, वर-खालची हालचाल लॉकची असते आणि ती आवळून जात नाही. लायनर किंवा फ्रेम लॉक असेल तर पट्टी बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत तरी आत आलेली असावी. कोऱ्या कागदाच्या कडेवरून धार सरळ फिरवा, कोठे अडखळली तर तेथे खरवड आहे.

10. पहिला महिना

पहिले काही दिवस दिवसाकाठी वीस-तीस वेळा उघडझाप करून खीळ बसू द्या, पण टीव्ही पाहताना नाही. ट्रेकवरून आल्यावर कोमट पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाने धुऊन, पूर्ण कोरडे करून, खिळीत एक थेंब शिवणयंत्राचे तेल घाला. जास्त तेल धूळ धरते. बॉल बेअरिंगवर फिरणारे चाकू रेशमासारखे उघडतात, पण लाल मातीचे कण त्यात शिरले की करकरतात, म्हणून सह्याद्रीत मला साध्या ब्राँझ वॉशरचे चाकू बरे वाटतात.

धार लावताना प्रत्येक बाजूला 17 ते 20 अंशांचा कोन ठेवावा. अंदाज येण्यासाठी कागदाचा काटकोनी कोपरा एकदा घडी करा म्हणजे 45 अंश, पुन्हा घडी करा म्हणजे साडेबावीस. ती घडी दगडावर ठेवून पाते तिच्यापेक्षा किंचित खाली झुकवा. पात्यावर काळ्या मार्करची रेघ ओढून एक-दोन फेरे मारले, की शाई कोठून गेली यावरून कोन बरोबर आहे की नाही ते दिसते. दोन्ही बाजूंना सारखेच फेरे मोजून मारा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागच्या दिशेने ओढा. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडे ओल धरते, आणि डी2 पोलादाच्या पात्यावर एका आठवड्यात त्याचा पुरावा उमटतो.